पाणबुड्याचा चाकू

भंवरकुआं या नावात शब्द दोन आहेत आणि दोन्हींत पाणी आहे. भंवर म्हणजे भोवरा, कुआं म्हणजे विहीर. आज आपल्या चौराह्यावर पाणी दिसते ते पावसाळ्यात रस्त्यावर साचलेले. एरवी कोचिंगची मुले, पोह्यांच्या गाड्या आणि खंडवा रोडला वळणाऱ्या बसगाड्या. समुद्र बघायचा तर रात्रभराचा प्रवास. अशा ठिकाणच्या गणेशोत्सव स्मरणिकेत पाणबुड्याच्या चाकूचा इतिहास कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. त्याचे कारण आपल्याच घरांत आहे. गेल्या काही वर्षांत मंडळातल्या बऱ्याच कुटुंबांची दिवाळीची सहल मालवण-तारकर्लीकडे वळली आहे. मुले पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे जाऊन येतात, मासे बघतात, फोटो काढतात. त्यांतली दोन-चार पुढे रीतसर कोर्स करतात, हळूहळू सामान घेऊ लागतात, आणि मास्कनंतर त्यांच्या मनात पहिली येते ती वस्तू म्हणजे चाकू. पायाला पट्ट्याने बांधलेला, एका बाजूला करवतीचे दात असलेला. कोणता घ्यावा, असे ती आम्हाला विचारतात. आम्ही पाणबुडे नाही. आमची नोकरी राज्य सरकारच्या पाणीपुरवठ्यातली. पाइप, व्हॉल्व्ह, पंप आणि गंज यांच्यात दोन दशके गेली. पण कोणत्याही हत्याराची निवड करायची तर ते कशासाठी जन्मले हे आधी पाहावे लागते, आणि या चाकूची जन्मकथा मोठी मजेदार आहे.

आधी शब्दाबद्दल. इकडची वर्तमानपत्रे ‘गोताखोर’ लिहितात, आपला जुना मराठी शब्द ‘पाणबुड्या’. पाणबुडी म्हणजे नौका आणि पाणबुड्या म्हणजे माणूस, हा फरक आपल्या नव्या पिढीला सांगावा लागतो. हे काम करणारी माणसे आपल्या देशात फार जुनी. मन्नारच्या आखातात, भारत आणि सिलोनच्या मधल्या उथळ समुद्रात, मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे शेकडो वर्षे उतरत होते. त्यांचे सामान काय? झटकन तळाशी जाण्यासाठी पायात धरायचा जड दगड, वर नावेत कोणी तरी धरलेली दोरी आणि शिंपले भरायला जाळीची पिशवी. श्वास छातीत मावेल तेवढाच. शार्कची भीती होतीच, पण तिच्यावरचा उपाय चाकू नव्हता. नावा निघण्यापूर्वी शार्कचे तोंड मंत्राने बांधणारे मांत्रिक असत, आणि इंग्रजी अमलातही मोत्यांच्या हंगामात सरकार त्यांना मोबदला देत असे. मांत्रिक नसेल तर पाणबुडे पाण्यात उतरायला नकार देत, मग सरकार तरी काय करणार? सरकारी खर्चाच्या खात्यात अशी नोंद पडत असेल याची कल्पना करूनच आम्हाला हसू येते.

मग चाकू शार्कशी कोणी जोडला? आमच्या मते कादंबऱ्यांनी. ज्यूल व्हर्नची समुद्राखालच्या प्रवासाची कादंबरी १८७० च्या सुमारास पुस्तकरूपाने आली. भा. रा. भागवतांच्या लेखणीने व्हर्न मराठी घराघरांत पोचला, तेव्हा नॉटिलस आणि कॅप्टन निमो आपल्या वाचकांना नवे नाहीत. त्या कादंबरीत सिलोनच्या मोत्यांच्या जागी एक प्रसंग आहे. एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क चाल करून येतो आणि निमो हातात खंजीर घेऊन त्या माशाला भिडतो. शेवटी शार्क मरतो तो सोबतीच्या भाल्याने, खंजिराने नव्हे. पण वाचकाच्या डोळ्यांसमोर राहतो तो खंजीरच. निमो आपला जीव धोक्यात घालून त्या हिंदी माणसाला का वाचवतो, याचे उत्तर व्हर्नने पुढच्या कादंबरीत दिले: निमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र. म्हणजे आजच्या हिशेबाने जवळजवळ आपल्याच मध्य प्रदेशचा रहिवासी! समुद्राखाली चाकू घेऊन शार्कशी लढणारा साहित्यातला सर्वांत प्रसिद्ध वीर समुद्र नसलेल्या मुलखातून निघावा, हा योग आम्हाला फार आवडतो.

प्रत्यक्षात मात्र त्या काळी चाकूचे काम वेगळे होते. १८३७ मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस सीब या जर्मन वंशाच्या कारागिराने बंद पोशाख तयार केला: तांब्या-पितळेचे गोल शिरस्त्राण, रबरी कापडाचा अंगरखा, शिशाचे वजन, जड बूट, आणि वरून नळीने हवा पुरवणारा हातपंप. १७८२ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेले ‘रॉयल जॉर्ज’ हे मोठे लढाऊ जहाज १८३९ पासून काही वर्षे या पोशाखातल्या पाणबुड्यांनी तुकड्या-तुकड्यांनी हटवले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे बंदरे, गोद्या, पुलांचे पाये यांच्या कामात हाच पोशाख चालला. त्या पाणबुड्याच्या कमरेला एक जाड पात्याचा, लाकडी मुठीचा चाकू असे, आणि त्याचे म्यान पितळेचे. चाकू म्यानात नुसता खुपसायचा नाही, तर बाटलीच्या झाकणासारखा पिळून आटे बसवायचे. त्यामुळे चिखल आणि खारे पाणी आत जायचे नाही, आणि गाळात गुडघाभर रुतलेल्या माणसाचा चाकू सुटून पडायचा नाही.

या चाकूने कापायचे काय? डांबर लावलेले तागाचे दोरखंड. बुडालेल्या जहाजावर असतात ती डोलकाठ्यांची दोरखंडे, शिडांची चिरफाळलेली कापडे आणि पाणबुड्याचे स्वतःचे दोर. शिरस्त्राणाच्या लहानशा काचेतून गढूळ पाण्यात काही दिसत नसे. हात लावून ओळखायचे की हा दोर जहाजाचा आहे, की आपल्याला वर ओढणारा आहे, की आपली हवेची नळी आहे. चुकीचा दोर कापला तर गोष्ट संपली. म्हणून त्या पात्याला धार होती, पण वस्तऱ्यासारखी नव्हती; दोर करकर कापत न्यावा लागे, आणि तेवढ्या वेळात माणसाला आपण काय कापतो आहोत याचा विचार करायला सवड मिळे. ही रचना मुद्दाम कोणी आखली असेल असे आम्ही म्हणत नाही. पण जुन्या हत्यारांत असा शहाणपणा पुष्कळदा आपसूक मुरलेला असतो.

१९४३ मध्ये चित्र बदलले. फ्रान्समध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यान यांनी सिलिंडरमधली दाबाची हवा श्वासापुरतीच सोडणारे यंत्र तयार केले. गान्यानकडे आधीच एक व्हॉल्व्ह होता: युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी बनवलेला. आमच्या खात्यातल्या प्रत्येक माणसाने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट, कारण माणसाला माशासारखे मोकळे फिरवले ते शेवटी एका चांगल्या व्हॉल्व्हने! नळी गेली, दोर गेला, पंप गेला. स्वतःची हवा स्वतःबरोबर नेण्याचे हे साधन म्हणजेच स्कूबा.

आता गंमत अशी की ज्या दोरखंडांसाठी चाकू होता तेच कमी झाले, आणि चाकू मात्र मोठा होत गेला. युद्धातल्या नौदलाच्या बुड्यांकडे खंजीर असत, त्यांची ऐट पुढे हौशी लोकांत उतरली. पन्नास-साठच्या दशकांत पाण्याखालच्या मारामारीचे चित्रपट आणि मालिका आल्या. खलनायक येतो आणि नायकाची हवेची नळी कापतो, हा प्रसंग ठरलेला. १९६५ च्या जेम्स बाँडच्या ‘थंडरबॉल’मध्ये तर पाण्याखाली अख्खी लढाई आहे. पोटरीला बांधलेला सात-आठ इंचांचा चाकू तेव्हापासून पाणबुड्याची ओळख होऊन बसला. आमच्याकडे येणारी मुले जो चाकू दाखवतात तो याच घराण्यातला. तो दिसायला भारी आहे, यात शंका नाही.

खरा शत्रू मात्र त्याच काळात दुसऱ्या बाजूने आला होता, आणि त्याच्याकडे कॅमेऱ्याचे लक्ष गेले नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली नायलॉन जन्मले. त्याचे मोजे झाले, पॅराशूट झाले, टूथब्रशचे केस झाले, आणि युद्धानंतर त्याची मासेमारीची जाळी झाली.

हा बदल किती मोठा होता हे समजायला कोकणातल्या जाळ्यांकडे पाहावे. पूर्वी जाळे विणायचे ते ताग किंवा सुताचे. रापण असो, वागूर असो की हाताने फेकायचा पाग, धागा वनस्पतीचा, म्हणून कुजणारा. ते टिकावे म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवायचे, वाळवायचे, पुन्हा बुडवायचे. कोळीवाड्यातला अर्धा वेळ जाळ्यांची निगा राखण्यात जायचा. एवढे करूनही जाळे फाटून समुद्रात हरवले, तर काही महिन्यांत समुद्र ते खाऊन टाकत असे. नायलॉन आले आणि कोळ्यांची एक मोठी कटकट संपली: हलके, मजबूत, न कुजणारे, पाण्यात माशांना न दिसणारे. कोळ्याच्या घरी बरकत आणणारे हेच चार गुण पाणबुड्याच्या मुळावर आले. खडकावर किंवा बुडालेल्या नौकेवर अडकून तुटलेले नायलॉनचे जाळे तिथेच वर्षानुवर्षे फडफडत राहते. त्याचा मालक विसरून जातो, जाळे मात्र मासे, कासवे आणि चुकून माणूस पकडण्याचे काम चालूच ठेवते. एकपदरी नायलॉनचा धागा पाण्यात डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. पाणबुड्याला त्याचा पत्ता लागतो तो सिलिंडरच्या व्हॉल्व्हमागे काही तरी ओढल्यासारखे झाले म्हणजे. माणूस साहजिकच मागे वळून पाहतो, आणि वळताना स्वतःभोवती आणखी एक वेढा घेतो.

इथे थोडा हिशेब मांडू, कारण चाकूचा प्रश्न खरे तर हवेचा प्रश्न आहे. १२ लिटरचे सिलिंडर २०० बार दाबाने भरले तर त्यात सुमारे २४०० लिटर हवा. शांत माणूस जमिनीवर मिनिटाला साधारण २० लिटर हवा वापरतो असे धरू. २० मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून तोच श्वास मिनिटाला ६० लिटर खातो. म्हणजे पूर्ण सिलिंडर ४० मिनिटांचे, तेही तळाशी रिकामे करायचे ठरवले तर. आता समजा अर्धी हवा संपल्यावर माणूस जाळ्यात अडकला. घाबरला की श्वास दुप्पट-तिप्पट होतो. १२०० लिटर, मिनिटाला १८० लिटर. उरली साडेसहा मिनिटे, आणि वर येण्याचा वेळ त्यातच. या साडेसहा मिनिटांत, न दिसणारा धागा, हातमोजा घातलेल्या हाताने, पाठीमागे, कापता आला पाहिजे. चाकू घ्यायचा तो या कामासाठी. शार्कचा इथे काही संबंध नाही.

एवढे पक्के झाले की निवड बरीच सोपी होते. पात्याची लांबी तीन-साडेतीन इंच पुरे. टोक अणकुचीदार नको, छिन्नीसारखे बोथट हवे. धडपडीत टोकदार पाते स्वतःच्या मांडीत, जोडीदाराच्या हातात किंवा हवा भरलेल्या जाकिटात घुसण्याची शक्यता जाळ्यात घुसण्यापेक्षा जास्त. एका बाजूला करवती दात असावेत, ते जाड दोरासाठी. दुसरी बाजू सरळ धारेची. पात्याच्या पाठीला एक आकड्यासारखी खाच असते, तिकडे दुकानात कोणी लक्ष देत नाही. ती सर्वांत उपयोगी. नायलॉनचा धागा ढिला असेल तर कोणतेही पाते त्याच्यावरून घसरते. तो ताणला गेला की क्षणात तुटतो. खाच धागा पकडते आणि ओढताना ताणते, त्यामुळे दुसरा हात मोकळा नसला तरी काम होते. नुसती ही खाचच वेगळी करून, आत लहानसे पाते बसवून केलेले कटरही मिळतात. ते पट्ट्यावर बसतात आणि त्यांनी कोणाला जखम होत नाही.

आणि तिसरी वस्तू म्हणजे कात्री. अपघात विभागात जखमीचे कपडे कापायला वापरतात ती, एका पात्याचे टोक चपटे असलेली. जाळ्याचा गुंता कापायला तिच्याइतके सोपे साधन आम्ही पाहिलेले नाही. चाकूला ओढायला जागा लागते, कात्रीला लागत नाही. किंमतही थोडी. पण ती फोटोत शोभत नाही, म्हणून तिची कोणी चौकशी करीत नाही.

धातूविषयी थोडे सविस्तर लिहायची मुभा घेतो, कारण ही आमच्या रोजच्या कामातली बाब. दुकानदार ‘स्टेनलेस आहे’ म्हणाला की घेणारा निश्चिंत होतो. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने बंदुकीच्या नळ्यांसाठी प्रयोग करताना क्रोमियम घातलेले पोलाद बनवले, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग झाला सुऱ्या-काट्यांसाठी. परंतु स्टेनलेस ही एकच धातू नव्हे, मोठे कुटुंब आहे. आपल्या चांगल्या भांड्यांचे स्टील ३०४ ग्रेडचे. ते खाऱ्या पाण्यातही बरे टिकते, पण तापवून-बुडवून कडक करता येत नाही, म्हणून त्याला धार राहत नाही. धार हवी तर कार्बन हवा, आणि कार्बन वाढला की गंजाशी लढण्याची ताकद घटते. चाकूंना वापरतात ते ४२० ग्रेड या तडजोडीचे अपत्य: धार बऱ्यापैकी, गंजही बऱ्यापैकी. ४४० सी धार जास्त धरते, आणि निगाही जास्त मागते. घरच्या घरी परीक्षा करायची तर फ्रिजवरचे लोहचुंबक घ्यावे. भांड्याला ते सहसा चिकटत नाही, चाकूच्या पात्याला चिकटते. चिकटले नाही तर एक तर ते ३०४ सारखे मऊ स्टील आहे, नाही तर टायटॅनियम.

टायटॅनियमला समुद्राचा गंज चढत नाही, वजन कमी, किंमत मात्र जास्त. सरळ धार त्यावर फार काळ राहत नाही, म्हणून दातेरी घ्यावे. नौदलांत सुरुंग निकामी करणाऱ्यांकडे तांबे आणि बेरिलियमच्या मिश्रधातूची हत्यारे असत, कारण काही सुरुंग लोखंडाच्या चुंबकत्वानेच फुटतात. हौशी माणसाला त्याची गरज नाही. आमचे मत विचाराल तर वर्षातून एकदा समुद्रात जाणाऱ्याने ४२० चा साधा चाकू घ्यावा आणि निगा राखावी. प्रत्येक बुडीनंतर गोड्या पाण्यात धुणे, मूठ सुटी होत असेल तर सोडवणे, पूर्ण वाळवणे, तेलाचा पातळ हात फिरवणे. गंज पात्यावर दिसतो, पण सुरू होतो मुठीच्या आत, जिथे मीठ दडून बसते. आम्ही उघडलेल्या प्रत्येक जुन्या व्हॉल्व्हची हीच कथा आहे.

आता जागा. चित्रपटातल्यासारखा पोटरीच्या बाहेरच्या अंगाला बांधलेला चाकू हा स्वतःच जाळ्यात अडकणारा खुंटा आहे, आणि पाय गुंतले असतील तर तिथवर हात पोचतच नाही. छातीजवळ, जाकिटाच्या पट्ट्यावर किंवा कमरपट्ट्याच्या मध्यावर, दोन्ही हातांना सापडेल असा ठेवावा. दोन साधने असतील तर दोन जागी. आणि जाळ्यात अडकल्यावर कोर्समध्ये शिकवतात तो क्रम: थांबणे, न वळणे, जोडीदाराला खूण करणे. जोडीदाराला गुंता दिसतो, आपल्याला दिसत नाही. म्हणून पहिली कात्री त्याने चालवायची. हे सारे डोळे मिटून, हातमोजे घालून, उथळ तरणतलावात दहा वेळा करून पाहिल्याशिवाय समुद्रात चाकू नेण्यात फार अर्थ नाही.

मालवणकडे जाणाऱ्या मंडळींसाठी एक स्पष्ट सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना जी पंधरा-वीस मिनिटांची बुडी देतात, तिला चाकू मुळीच नको. प्रशिक्षकाने आपल्याला धरलेले असते, खोली थोडी असते, आणि हत्यार लागलेच तर ते त्याच्याकडे हवे. शिवाय १९८७ पासून मालवणचा समुद्र अभयारण्य आहे. चाकू हाती असला की प्रवाळ खरवडण्याची, कालवे उचकटण्याची खुमखुमी येते. मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या सागरी उद्यानात याच कारणाने पाणबुड्यांना चाकू नेण्याची मनाईच आहे. चाकूचा विचार करायचा तो तारकर्लीच्या पर्यटन महामंडळाच्या संस्थेत किंवा इतरत्र पूर्ण कोर्स झाल्यावर, खोल पाण्यात आणि बुडालेल्या नौकांकडे जायची वेळ येईल तेव्हा. तशी ठिकाणे आपल्या किनाऱ्यावर आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळपट्टा आहे. गोव्यात दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी सुंची रीफवर पोर्तुगीज काळातल्या फुटलेल्या जहाजाच्या तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि हस्तिदंत शोधून काढले. आणि नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ समुद्रतळाशी बसवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय करण्यासाठी २०२५ मध्ये महाराष्ट्राकडे सोपवली गेली. जिथे खडक किंवा लोखंडी सांगाडा, तिथे मासे. जिथे मासे, तिथे कोळी. आणि जिथे कोळी, तिथे कधी ना कधी एखादे तुटलेले जाळे.

कायद्याचेही सांगून टाकतो, सरकारी माणसाकडून एवढी अपेक्षा असतेच. शस्त्रास्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा विचार शस्त्र म्हणून होतो. आपला साडेतीन इंचांचा चाकू त्यात येत नाही. विमानाने गोव्याला जायचे तर चाकू, कटर, कात्री सगळे चेक-इन बॅगेत, म्यानात गुंडाळून. हातातल्या पिशवीत सापडले तर ते विमानतळावरच राहते.

हा विषय फक्त सहलीचा असता तर आम्ही स्मरणिकेची इतकी पाने अडवली नसती. पाणबुड्यांची गरज आपल्याला समुद्राबाहेरच जास्त पडते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला आणि त्याबरोबर प्रवाशांनी भरलेल्या एसटी बस गेल्या. एनडीआरएफ आणि नौदलाचे पाणबुडे कित्येक दिवस शोध घेत होते. क्रेनला जड लोहचुंबक लावूनही नदी चाळली गेली, तरी बसचे अवशेष हाती लागायला आठवड्याहून जास्त काळ गेला. सावित्रीत मगरी आहेत, आणि तेव्हा लोकांच्या बोलण्यात त्याच होत्या. पण पुराच्या पाण्यात उतरणाऱ्याला अडवते ती ओढ, आणि त्या ओढीबरोबर आलेल्या फांद्या, तारा, कपडे, दोर.

१८ जुलै २०२२ ला आपल्या इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत पडली. किमान बारा माणसे गेली. त्या मार्गाने आपल्यापैकी कितीतरी जणांचे येणे-जाणे आहे. खानदेशात माहेर किंवा सासर असलेल्या घरांत त्या दिवशी फोन थांबत नव्हते. आणि ३० मार्च २०२३ ची रामनवमी तर भंवरकुआंपासून फार दूरची नाही. स्नेहनगर-पटेलनगर भागातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवर टाकलेले छत खचले आणि ३६ जण गेले. लष्कर, एनडीआरएफ, एसडीईआरएफ यांची माणसे रात्रभर त्या अंधाऱ्या पाण्यात काम करीत होती. तिथल्या गाळात हात पुढे करून जे लागेल ते ओळखायचे, एवढेच डोळे. सळई आणि काँक्रीटपुढे कोणत्याही चाकूचे काही चालत नाही. पण कापड, दोर, वायर यांच्यापुढे चालते, आणि खाली गेलेला माणूस स्वतः वर यायचा तर तेही लागते.

राहिले आपले विसर्जन. मूर्ती आता बहुतेक घरांतून पालिकेच्या संकलन केंद्रांवर जातात, तरी काही कुटुंबे आणि मंडळे अजून नर्मदेच्या घाटावर जातात. पाण्यात उतरणाऱ्या मुलांच्या पायांत येतात ते हारांचे दोरे. आणि हल्ली हार ओवतात तो दोरा सुताचाच असतो असे नाही, पुष्कळदा नायलॉनचा असतो; फुले कुजून जातात, दोरा पाण्यात राहतो. त्यात सजावटीच्या जरीच्या पट्ट्या आणि प्लास्टिकच्या झालरींची भर. म्हणून यंदा मंडळाच्या विसर्जनाच्या सामानाच्या यादीत दोरखंड, हवा भरलेल्या ट्यूब आणि टॉर्चखाली दोन ओळी वाढवल्या आहेत: बोथट टोकाच्या कात्र्या दोन, एक काठावर उभ्या असलेल्याच्या खिशात आणि एक पाण्यात उतरणाऱ्याच्या गळ्यात, लहान दोरीने अडकवलेली, आणि हार पाण्यात सोडण्याआधी काठावरच दोरा कापून फुले मोकळी करण्यासाठी घरातल्या साध्या सुऱ्या चार.